शेजारचे विरजण

नववीच्या वर्गाला जीवशास्त्र शिकवताना मी फळ्यावर एक वाक्य लिहीत असे आणि मुलांकडून ते वहीत उतरवून घेत असे : ‘प्रत्येक सजीवाच्या पेशीतील गुणसूत्रांची संख्या ठरलेली असते.’ बदलापूरच्या शाळेत काही वर्षे हे वाक्य मी पूर्ण विश्वासाने शिकवले. नंतर शाळा सोडून मी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध-संशोधन प्रयोगशाळेत लागले. तिथे पहिल्याच वर्षी मला कळले की, या वाक्याला न जुमानणारे जीव आहेत आणि त्यांना रोज जेवू घालणे हेच यापुढे माझे काम आहे. निवृत्त होईपर्यंत मी ते केले. प्रयोगशाळेतील पदाचे नाव बरेच लांब होते. पण एके काळी शिक्षिका होते म्हणून सगळे मला ‘बाई’च म्हणत राहिले.

आमचे जीव म्हणजे काळा आजार नावाच्या रोगाचे परजीवी. एका पेशीचे, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारे. हा रोग आपल्याकडे फारसा नाही. बिहार आणि त्या बाजूच्या खेड्यांत आहे. वाळूमाशी नावाची, डासाहून बारीक माशी चावली की हे परजीवी माणसाच्या शरीरात शिरतात आणि प्लीहा, यकृत, हाडांतील मगज यांत ठाण मांडतात. ताप हटत नाही, पोट फुगते, माणूस काळवंडत आणि वाळत जातो. उपचार न मिळाल्यास मरतो. औषधे आहेत, पण जुनी औषधे हे परजीवी हळूहळू पचवू लागतात. म्हणून नवी औषधे शोधत राहावे लागते.

औषध शोधायचे, तर ते ज्याच्यावर वापरायचे तो जीव हाताशी जिवंत हवा. बाहेरच्या माणसाला इथेच घोटाळा वाटतो. उल्हासनगरच्या कॅम्पातील एका दुकानदाराकडून आम्ही एकदा काचेच्या नळ्यांची फिरकीची झाकणे घेतली होती, कारण नेहमीचा माल वेळेवर आला नव्हता. झाकणाच्या आत रबराची चकती असते. ती झाकणे लावल्यापासून नळ्यांतले परजीवी मरू लागले. आम्ही झाकणे परत पाठवली, तेव्हा ते गृहस्थ स्वतः तावातावाने आले.

“मॅडम, मर गये तो अच्छा है ना! आप लोग मारने के लिये ही तो बैठे हो!”

मी म्हटले, “शेठजी, औषधाने मेले पाहिजेत. तुमच्या रबराने मेले, तर औषधाचा गुण कसा कळणार?”

त्यांना ते पटले नाही. मग मी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवले. निरोगी परजीवी पाहणे ही खरोखर सुंदर गोष्ट आहे. लांबट, सुपारीच्या कातरलेल्या फाकेसारखा देह आणि पुढे एक नाजूक धागा. तो धागा हलवत ते पोहतात. कधी धाग्यांची टोके एकत्र आणून गोल जमतात, तेव्हा शेवंतीचे फूल उमलल्यासारखे दिसते. शेठजी बराच वेळ डोळा लावून बसले. मग हळू आवाजात म्हणाले, “ये तो नाच रहे हैं. इनसे आदमी मरता है?” पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसऱ्या जातीच्या चकत्या आणून दिल्या आणि त्या उत्तम निघाल्या. नंतर कधी भेटले की आधी विचारत, “बच्चे ठीक हैं?”

आमच्या सोसायटीतील एक वहिनी मात्र शेवटपर्यंत समाधान पावल्या नाहीत. हळदीकुंकवाला गेले की त्या विचारत, “हात धुऊनच निघता ना हो तिकडून?” हा रोग हात लावून होत नाही, त्याला वाळूमाशी लागते, हे मी त्यांना दरवर्षी समजावले. दरवर्षी त्यांनी मान डोलावली आणि वाण जरा लांबूनच दिले.

आता कामाविषयी. परजीवी एका गुलाबी पोषक द्रवात वाढतात. वाढून दाटी झाली की द्रव पिवळसर पडू लागतो, अन्न संपते. तेव्हा त्या नळीतील थोडे थेंब नव्या, ताज्या द्रवात सोडायचे. ते तिथे वाढतात. मग त्यातले थेंब पुन्हा नव्या नळीत. आमच्या वसाहतीची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते, परजीवींना ती मान्य नसते. त्यामुळे गुरुवारी हे काम चुकवून चालत नसे. या क्रियेला इंग्रजीत एक नाव आहे, पण आमच्या प्रयोगशाळेत ते कुणी वापरत नसे. आमच्या ज्येष्ठ तंत्रज्ञ शालिनीताई यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितले होते, “बाई, हे दुसरं-तिसरं काही नाही, विरजण आहे.” तोच शब्द रूढ झाला. ‘विरजण लावलं का?’ ‘विरजण चांगलं लागलंय.’ आमचे प्रमुख डॉ. कर्णिक अत्यंत कडक शिस्तीचे आणि इंग्रजीतच बोलणारे. परंतु परदेशी पाहुण्यांसमोरसुद्धा त्यांच्या तोंडून एकदा ‘व्हेन वॉज द विरजण डन?’ असे निघून गेले होते.

शालिनीताई बदलापूर गावातल्या. हात विलक्षण स्वच्छ. त्यांच्या नळ्यांत बुरशी शिरणे ही वर्षात एखादी गोष्ट. स्वभावाने तिखट, पण नव्या मुलांचे डबे उघडून आधी भाजी चाखणार, मग ‘आईला सांग, मीठ जास्त झालंय’ असा निरोप देणार. त्यांचे सर्वांत लाडके माणूस म्हणजे डॉ. स्नेहल मढवी.

स्नेहल पालेगावची. घर भातशेती करणाऱ्यांचे. आता भोवताली इमारतींची गर्दी झाली असली, तरी वडील अजून उरलेल्या तुकड्यात भात लावतात. घराण्यात एवढे शिकलेली ती पहिली. आमच्याकडे ती कंत्राटी शास्त्रज्ञ म्हणून लागली होती आणि एका नव्या रसायनावर काम करत होती. जुन्या औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी हे रसायन उपयोगी पडेल, अशी तिची अपेक्षा होती. पहिल्या फेरीत रसायनाने कमाल केली. अगदी थोड्या प्रमाणात सारे परजीवी मेले. स्नेहल त्या दिवशी शालिनीताईंना मिठी मारून नाचली आणि ताई म्हणाल्या, “सोड गं, नळी सांडेल!”

संशोधनात एकदा आलेला निकाल पुन्हा यावा लागतो. मधे काही दिवस स्नेहल प्रशिक्षणासाठी पुण्याला गेली होती. परत आल्यावर तिने दुसरी फेरी केली. तेच रसायन, तेच प्रमाण, त्याच नावाचे परजीवी. आणि या वेळी ते मरेनात. तिने पुन्हा केले. पुन्हा तेच. नळ्यांत शेवंतीची फुले उमलत राहिली.

आठवड्याच्या बैठकीत तिने दोन्ही फेऱ्यांचे निकाल पडद्यावर दाखवले. काहीही लपवले नाही. डॉ. कर्णिकांनी चष्मा काढला आणि ते नेहमीप्रमाणे इंग्रजीत म्हणाले,

“डॉ. मढवी, पहिल्या फेरीत सगळे मेले. दुसऱ्या फेरीत सगळे मजेत आहेत. या दोहोंपैकी एक खोटं आहे. कोणतं, ते तुम्हीच सांगा.”

“सर, दोन्ही खरी आहेत.”

मागच्या रांगेत कुणीतरी हसले. कर्णिकांचा आवाज चढला नाही, खाली आला.

“पहिला निकाल जरा जास्तच सुंदर होता. कंत्राटाच्या नूतनीकरणाआधी असे सुंदर निकाल मी पाहिले आहेत. उलगडा होईपर्यंत तुमच्या टेबलाला हात लावू नका. घरी थांबा.”

सर्वांसमोर एवढे बोलल्यावर आणखी काही बोलायचे शिल्लक राहत नाही. आमच्या क्षेत्रात आकडे बनवल्याचा शिक्का एकदा बसला की, तो माणूस पुढे कुठल्याही प्रयोगशाळेच्या दारातून आत जाऊ शकत नाही. सूचनापत्र निघत नाही. फक्त फोन केला जातो आणि पलीकडून कुणीतरी ‘हं’ म्हणते. तिच्या हातून जाणार होते ते तिचे नाव. नोकरी त्यामानाने किरकोळ.

शुक्रवारी सुट्टी होती. मी पालेगावला गेले. स्नेहलचे वडील ओट्यावर कोयत्याला धार लावत बसले होते. त्यांनी कोयता बाजूला ठेवून मला बसायला खुर्ची दिली, पाणी आणवले आणि मग सरळच विचारले.

“बाय, माज्या पोरीनं चोरी केली काय?”

“नाही हो, काका.”

“मंग घरान कशाला बसवली?”

मी त्यांना प्रयोग, फेऱ्या, निकाल असे समजावू लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. “तां मना काय कलत नाय. पोर सकालपासून जेवली नाय, तां कलते,” असे म्हणून त्यांनी जिन्याकडे बोट दाखवले.

स्नेहल वर खिडकीत बसली होती. मी तिला पद्धतशीर प्रश्न विचारायला सुरुवात केली. रसायनाची बाटली तीच का? द्रव कुणी बनवला? मोजणी कुणी केली? तिने प्रत्येकाचे नीट उत्तर दिले. मग मधेच म्हणाली,

“बाई, तुम्हालाही वाटतं का, मी बनवले आकडे?”

“मला काय वाटतं, याला महत्त्व नाही. वाटणं हा पुरावा नव्हे.”

“ते मला माहीत आहे हो, बाई. पण एकदा नुसतं ‘नाही’ म्हणा ना.”

इतकी वर्षे वर्गात आणि प्रयोगशाळेत काढूनही हे मला सांगावे लागले. मी म्हटले, “नाही. मला तसं अजिबात वाटत नाही.” तेव्हा ती रडली आणि नंतर जेवली.

घरी परतताना मी मनात एकेक गोष्ट खोडत गेले. रसायन त्याच बाटलीतले होते. आमच्या रसायनज्ञांनी ते पुन्हा तपासले होते. द्रव तोच. हात तोच. शिल्लक राहिले होते ते परजीवी. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी शालिनीताईंना गाठले. त्या आधीच चिडलेल्या होत्या.

“त्या कर्णिकांना सांगा, पोरीला घरी बसवून औषध सापडणारे का? माणूस आहे की मोजपट्टी?”

“ताई, स्नेहल पुण्याला होती, तेव्हा तिच्या नळ्या तुम्हीच सांभाळल्या ना?”

“मग कोण सांभाळणार? आणि तेव्हाच मेली बुरशी आली होती. सगळ्या नळ्या गढूळ. ओतून टाकल्या मी.”

“सगळ्या?”

“एकूण एक.”

“मग तिने दुसरी फेरी कशावर केली?”

“अहो, शेजारून विरजण आणलं!” ताईंनी बशी खाली ठेवली. “साध्यातलं हं, औषधातलं नाही. मी काय एवढी बावळट आहे?”

इथे थोडे स्पष्टीकरण द्यायला हवे. ‘शेजार’ म्हणजे आमच्या भिंतीपलीकडची खोली. तिथे वेगळे काम चाले. परजीवींना जुन्या औषधाची थोडी थोडी मात्रा देत मुद्दाम निबर, म्हणजे त्या औषधाला दाद न देणारे, केले जाई, आणि त्यांच्याशी तुलना करायला औषध न दिलेले, साधे परजीवी बाजूला तसेच वाढवले जात. दोन्ही खोल्यांतील परजीवींचे मूळ एकच. एकाच रुग्णापासून आलेल्या एकाच गोठवलेल्या साठ्यातून ते निघाले होते, नावही एकच होते. बुरशी आल्यावर शिस्त अशी की, द्रव नायट्रोजनच्या टाकीतून नवी कुपी काढायची. परंतु गोठवलेले परजीवी जागे होऊन जोमाने वाढू लागायला बरेच दिवस जातात. स्नेहल पुण्याहून येताच फेरी लावणार, तिचा खोळंबा नको, म्हणून ताईंनी शेजारची साधी नळी आणली, तेच नाव चिकटवले आणि तिला सांगितले, ‘विरजण मस्त लागलंय.’ त्यांच्या दृष्टीने यात सांगण्यासारखे दुसरे काही नव्हतेच. आपल्या घरचे दही नासले की आपण शेजारच्या वहिनींकडून वाटीभर आणतोच ना? दही ते दहीच.

फक्त परजीवी म्हणजे दही नव्हते. आणि माझे नववीचे वाक्य इथेच मोडते.

माणसात एखादे गुणसूत्र एकाने जास्त झाले, तर मुलाचे सारे आयुष्य वेगळे होते. या परजीवींना त्याचे काहीच वाटत नाही. छत्तीस प्रकारची गुणसूत्रे. सर्वसाधारणपणे प्रत्येकाच्या दोन प्रती. पण एखाद्याच्या तीन, एखाद्याच्या चार, असे सर्रास असते. एकाच नळीतील दोन पेशींची मोजणीसुद्धा जुळेल याची खात्री नाही. वर्गात पन्नास मुले आणि कुणाच्या दप्तरात गणिताची तीन पुस्तके, कुणाच्या दप्तरात इतिहासाची चार, अशी स्थिती. शरीरात असताना एक रचना उपयोगी पडते, नळीतील गोड द्रवात दुसरी. द्रवात जी पेशी भराभर वाढते, तिची संतती नळीत जास्त होते. शेजारच्या खोलीत ती साधी मंडळी दीर्घकाळ नळीतून नळीत जात राहिली होती. आणि प्रत्येक वेळी थेंब घेतले जात ते सर्वांत तरतरीत नळीतून. घरी आपण सर्वांत घट्ट लागलेल्या दह्यातलेच विरजण बाजूला काढतो, तसे. प्रत्येक वेळी आपण निवड करतो आहोत, हे कुणाच्या ध्यानात येत नव्हते. स्नेहलची मूळ नळी मात्र नुकतीच कुपीतून काढलेली, फार प्रवास न केलेली होती.

‘विरजण’ हा शब्द इतका सोयीचा होता की, त्याच्या आत काय चालते ते पाहायचे राहूनच गेले. याची मला आजही रुखरुख वाटते.

मी हे बोलत गेले तसा शालिनीताईंचा चेहरा उतरत गेला.

“म्हणजे, बाई, माझ्यामुळे पोरीला...”

“अजून सिद्ध व्हायचंय, ताई.”

“सिद्ध तुम्ही करा. मी सांगून येते.” त्या उठल्या. मी बरोबर निघाले, तर म्हणाल्या, “तुम्ही नका येऊ. मास्तरणीला घेऊन आली असं वाटेल.” तरी मी केबिनच्या दारापर्यंत गेलेच आणि शेवटी सगळे मलाच समजावून सांगावे लागले, कारण त्या आत जाऊन ‘सर, दही तेच आहे असं वाटलं मला’ एवढेच पुन्हा पुन्हा सांगत होत्या आणि डॉ. कर्णिक गोंधळून माझ्याकडे पाहत होते.

डॉ. कर्णिकांचे एक मात्र मान्य केले पाहिजे. त्यांनी ताईंना एक शब्दही सुनावला नाही. त्याच दिवशी स्नेहलला बोलावून घेतले, टाकीतून मूळची कुपी काढायला लावली आणि ती तयार होईपर्यंत वाट पाहिली. मग मूळच्या आणि शेजारच्या नळ्यांवरील नावे स्वतः झाकली, त्या जागी खुणेच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. कोणती नळी कोणती, हे त्यांच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हते. स्नेहलने रसायन घातले. मोजणी मी आणि ताईंनी वेगवेगळी केली. चिठ्ठ्या काढल्या, तेव्हा मूळच्या कुपीतील परजीवी सगळे मेले होते आणि शेजारचे सगळे पोहत होते. दोन्ही निकाल खरे होते, हे स्नेहलचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले.

कारण शोधण्यासाठी दोन्हींचे जनुकद्रव्य, म्हणजे डीएनए, बाहेरच्या एका संस्थेकडे वाचायला पाठवले. ही पद्धत मला फार आवडते. समजा, वर्गातील सगळी पुस्तके फाडून कपटे केले आणि प्रत्येक कपट्यावरचा मजकूर वाचून तो कोणत्या पुस्तकातला ते ठरवले. तर ज्या पुस्तकाच्या प्रती जास्त, त्याचे कपटे जास्त निघतील. तसेच हे. शेजारच्या परजीवींत एका विशिष्ट गुणसूत्राचे कपटे कितीतरी जास्त निघाले. त्याच गुणसूत्रावर एका पंपाचे जनुक असते. पेशीत शिरलेले नको ते रसायन बाहेर फेकणारा पंप. प्रती जास्त म्हणून पंप जास्त, आणि पंप जास्त म्हणून स्नेहलचे रसायन आत टिकेना.

डॉ. कर्णिकांनी स्नेहलला आणि मला केबिनमध्ये बोलावले. ते प्रथमच मोकळे वाटत होते.

“उत्तम. विषय संपला. नूतनीकरणाचं मी पाहतो. आता यापुढे फक्त मूळच्या कुपीवर काम करा, रसायन पुढे नेऊ.”

मला वाटले, स्नेहल आभार मानून उठेल. ती उठली नाही.

“सर, रुग्णांकडून आलेले नमुनेही टाकीत आहेत. बिहारमधल्या इस्पितळातले, थेट गोठवलेले, फार न वाढवलेले. त्यांच्यावर करून पाहायचंय.”

“गरज काय? निकाल हातात आहे.”

“रुग्णाच्या अंगात आपली जुनी कुपी नसते, सर.”

कर्णिक “करा,” म्हणाले.

“आणि आणखी एक, सर.” ती म्हणाली. “तुम्ही जे बोललात ते बैठकीत बोललात. सगळ्यांसमोर.”

तिने पुढे काही मागितले नाही. आम्ही बाहेर आलो, तेव्हा ताई दाराशीच उभ्या होत्या. स्नेहलने त्यांच्याकडे पाहून म्हटले, “ताई, पुढच्या खेपेला शेजारून आणलंत तर शेजारणीचं नाव पण लिहा.” ताई आधी हसल्या आणि मग पदराने डोळे पुसत बसल्या.

रुग्णांचे नमुने जागे करायला वेळ लागला. ते नाजूक असतात, हट्टी असतात. नळीतील सुखाची त्यांना सवय नसते. काही वाढलेच नाहीत. जे वाढले, त्यांच्यावर स्नेहलने रसायन घातले. काही मेले. काही मेले नाहीत. न मेलेल्यांचे गुणसूत्रांचे हिशोब आले, तेव्हा तिने ते मला आधी दाखवले. त्यांच्यातही त्याच गुणसूत्राच्या प्रती जास्त होत्या. हे नमुने ज्यांचे, ते रुग्ण जुन्या औषधाने बरे न झालेले होते. म्हणजे, ज्यांच्यासाठी हे रसायन करायचे होते, नेमक्या त्यांच्यातच ते हरत होते.

डबा खाताना शेवटी शालिनीताईंनाच राहवले नाही.

“बैठकीत ही सलाईड नको दाखवूस. मी सांगते. नुकतीच सुटलीस ना? जरा सुखानं बस की. औषध पुढे जाऊ दे, कुणाला कळतंय?”

“कळेल ना, ताई. बिहारमध्ये कळेल.”

“तुझं कंत्राट...”

“ताई, ही स्लाइड लपवली, तर त्या दिवशी सरांनी मला जे म्हटलं, ते आज खरं होईल.” तिने डब्याचे झाकण लावले. “मग उगाच रडले मी पालेगावात बसून.”

ताई पुटपुटल्या, “शिकवा अजून पोरींना,” आणि तिच्या डब्यात स्वतःची उरलेली भाकरी कोंबली.

त्या आठवड्याच्या बैठकीला खोली नेहमीपेक्षा भरलेली होती. शेजारच्या खोलीतील मंडळीही आली होती. स्नेहलने पहिल्या काही स्लाइड्सवर सारी हकिकत मांडली : मूळची कुपी, शेजारची नळी, झाकलेली नावे, कपट्यांची मोजणी. ताईंचे नाव तिने कुठेही घेतले नाही. ‘प्रयोगशाळेत नळी बदलली गेली’ एवढेच वाक्य होते. ती पुढे सरकणार, इतक्यात डॉ. कर्णिक उभे राहिले. ते बैठकीत कधी उभे राहत नसत.

“एक मिनिट,” ते मराठीत म्हणाले, आणि त्यामुळेच सगळ्यांच्या माना वर झाल्या. “डॉ. मढवींचे दोन्ही निकाल खरे होते. मी याच खोलीत, याच जागेवरून, त्यांच्यावर संशय घेतला. तो चुकीचा होता. मी त्यांची क्षमा मागतो.”

ते बसले. मी स्नेहलकडे पाहिले. तिला हवे होते ते मिळाले होते. इथे थांबली असती, तर कुणी तिला दोष दिला नसता. सगळे टाळ्या वाजवून चहाला उठले असते.

तिने पाण्याचा एक घोट घेतला.

“थँक्यू, सर,” ती म्हणाली. “पुढची स्लाइड रुग्णांच्या नमुन्यांची आहे. आपलं रसायन इथे निकामी ठरतं.”

आणि त्या रुग्णांच्या निबर परजीवींचे आकडे तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचून दाखवले.